इमान उसात जातंच

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस भागात रिमोटचं विमान उडवायला मोकळी जागा शोधायची म्हणजे ऊस नसलेली जागा शोधायची. ती मिळते तोडणीनंतर, तीही तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा खोडवा गुडघ्याएवढा होईपर्यंत. आडसाली ऊस तर जुलै-ऑगस्टात लावला की पुढच्या वर्षीच्या हंगामापर्यंत उभाच. त्यामुळे वारा आणि बॅटरी यांच्याआधी ऊसतोड टोळी कधी येणार याची चौकशी करावी लागते, आणि ते खुद्द शेतकऱ्यालाही ठाऊक नसतं.

जागा मिळाली, कुठे उडवता येतं ते दाखवणाऱ्या सरकारी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर ती हिरव्या भागात दिसली, की घाई सुटते. माझं ठाम मत आहे की नवं विमान पडतं शिवारात, पण पाडलेलं असतं आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर. तोल बघायचा राहून जातो. पंखाची रुंदी 180 मिलिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून 45 ते 54 मिलिमीटरवर, म्हणजे पंचवीस ते तीस टक्क्यांत, दोन बोटांवर विमान आडवं राहिलं पाहिजे. तेही बॅटरी आत बसवून. बॅटरीशिवाय तोल बघणारे महाभाग आहेत. नाक थोडं जड चालतं, फक्त उतरताना विमान जोरात येतं. शेपूट जड असेल तर ते हातातून सुटताच नाक वर करतं, वेग हरवतं आणि एका पंखावर कोसळतं. बॅटरी पुढे सरकवूनही भागलं नाही तर नाकात दहा रुपयांचं नाणं चिकटवावं. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि दुकानदार घेत नाही म्हणून घरात पडून असतंच.

मग मोटरवरचं पातं काढून ठेवून कंट्रोलच्या दिशा तपासायच्या. विमानाच्या मागे उभं राहून, पुढे नाही. रिमोटची उजवी स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर आणि डावा खाली. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर. हे समोर उभं राहून तपासलं की डोक्यात उलटंपालटं होतं आणि उलटा एलेरॉन सुलटा वाटतो. असं विमान हवेत गेलं की जितकं सावरावं तितकं पालथं होतं. या पट्ट्या हलवणाऱ्या सर्वो मोटरच्या हाताचा इवलासा स्क्रू पिळलाय का, तेही बघावं. पाकिटात तो उरलेला दिसला तर कंपनीनं जादा दिलाय असं समजू नये. पातं परत लावताना त्यावरचे आकडे पुढच्या बाजूला हवेत. पातं उलटं लागलं तर मोटर आवाज पुरेपूर करते, जोर मात्र लागत नाही.

सकाळी आठच्या आत, वारा उठायच्या आधी, शिवारात पोचावं. कितीही गुपचूप गेलं तरी बांधावर पाच माणसं जमतातच.

"पावणं, ह्यात माणूस बसतंय व्हय?"

"ह्यानं फवारा मारता येतो का?"

दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हटलं की विमानाची किंमत त्यांच्या नजरेत तिथंच निम्मी होते. एव्हाना आपला अंगठा थरथरायला लागलेला असतो. म्हणूनच रिमोटमध्ये तीस टक्के एक्स्पो आधीच भरून ठेवायचा. मग मधल्या भागात स्टिक मऊ पडते आणि थरथर विमानापर्यंत पोचत नाही.

विमान फेकायचं वाऱ्याच्या तोंडावर, पाऊण थ्रॉटलवर (मोटरच्या पाऊण जोरावर) आणि सरळ. आभाळाकडे नाही. फेकणारा उत्साही असला की भाला फेकल्यासारखा फेकतो, म्हणून त्याला आधी चहा पाजून समजावून सांगावं. सुटताच ते डावीकडे कलतं, कारण पातं एका दिशेला फिरतं तर अंग उलट दिशेला वळू बघतं. थोडा उजवा एलेरॉन द्यावा. दीडशे फूट गाठले की थ्रॉटल निम्मा करून ट्रिम लावावा, म्हणजे स्टिक सोडली तरी विमान सरळ जाईल असं जुळवून घ्यावं. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटतं. तेव्हा विचार करत बसू नये, जो पंख खाली गेलाय त्याच बाजूला स्टिक न्यावी. टायमर पाच मिनिटांचा. 2200 एमएएचची बॅटरी ऐंशी टक्केच वापरायची आणि सरासरी 15 अँपिअर खेचले तर हिशोबानं सात मिनिटं मिळतात. वरची दोन मिनिटं घाबरण्यासाठी राखीव.

तरीही ते उसाकडे जातं. जाताना दिसलं की सगळ्यात आधी थ्रॉटल शून्य. पातं पाल्यात अडकलं आणि मोटर चालू राहिली तर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळतो. दिसेनासं झालं त्या जागेकडे एकानं बोट धरून उभं राहावं, दुसऱ्यानं पन्नास पावलांवरून तसंच धरावं. दोन्ही रेषा मिळतात तिथं विमान असतं. आत शिरताना सरी धरून जावं, आडवं नाही, आणि बाह्या पूर्ण. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं. आत गेल्यावर बाहेरच्यानं रिमोटची उजवी स्टिक हलवत राहावी, थ्रॉटल शून्यावरच. बॅटरी जोडलेली असेल तर सर्वोची कुरकुर पाचटातून ऐकू येते.

सापडलं की बॅटरी काढून वीस मिनिटं तरी बांधावर मोकळ्यात ठेवावी, कारण मार बसलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी उशिरा फुगते आणि कधी पेटतेही. पाचटाजवळ तर मुळीच नको. पंख मोडला असेल तर पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी लावावं. पांढऱ्या थर्माकोलवर साधा सुपरग्लू टाकला तर तो फोमच खातो.

या वीस मिनिटांत शेतमालक येतो. मोडलेले दोन ऊस उचलतो, काही न बोलता आपल्या हातात देतो. ते घ्यावेत, तिथंच सोलून खावेत आणि गोड आहेत म्हणावं. नाहीतर पुढच्या रविवारी सरीत पाऊल टाकू देत नाही.