दाजी, त्या एमजीबीत निव्वळ केशरी कूलंट ओतू नका

"जुन्या गाड्यांच्या कूलंटचं सत्य, कंपन्या जे सांगत नाहीत" अशा नावाचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाबद्दलचा, एक लांबलचक मेसेज सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. मला आला तेव्हा मी वाचून सोडून दिला होता. पण आता तो नाशिकच्या एका चुलतभावाकडून फॅमिली ग्रुपवर आला आणि तिथून आमच्या दाजींपर्यंत पोचला. दाजी इंग्लंडमध्ये राहतात, त्यांनी हौसेने १९७२ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतलीय, आणि मेसेज वाचून ते केशरी लाँग लाइफ कूलंटचे कॅन घेऊन आले, पाण्याचा थेंब न मिसळता ओतायचं ठरवून. ताईने सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर ओतून मोकळे झाले असते. म्हणून एकदाच नीट लिहितोय, ज्यांना ज्यांना तो मेसेज आलाय त्यांना हे पाठवा.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. जुन्या गाड्या साध्या पाण्यावरच चालायच्या, कूलंट ही कंपन्यांची लूट. घालायचंच असेल तर निव्वळ घाला, पाणी मिसळलं की ताकद कमी होते. केशरी किंवा लाल सगळ्यात नवीन म्हणून सगळ्यात चांगलं, आणि रंग जुळला की कुठलंही कशातही मिसळा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका. रेडिएटर गळला तर हळद टाका. आणि काढलेलं कूलंट झाडांना घाला, ते रंगीत पाणीच असतं.

पहिल्या दोन मुद्द्यांचंच आपसात जमत नाही हे लिहिणाऱ्याला दिसलं नाही का? पाणी पुरेसं असेल तर निव्वळ कूलंट कशाला, आणि कूलंट लूट असेल तर भरपूर ओता हा सल्ला कशासाठी? असो.

"निव्वळ घाला" हे आधी घेतो, कारण दाजी तेच करणार होते. कूलंट कॉन्सन्ट्रेट म्हणजे मुख्यतः इथिलिन ग्लायकॉल आणि त्यात गंज रोखणारी थोडी रसायनं. निव्वळ ग्लायकॉल साधारण उणे १३ अंशाला गोठतं. तेच निम्मं पाणी मिसळलं की मिश्रण उणे ३६ च्या आसपास गोठायला लागतं. म्हणजे पाणी मिसळल्याने थंडीपासूनचं संरक्षण वाढतं, मेसेज बरोब्बर उलटं सांगतोय. आणि उष्णतेचं काय? एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, निव्वळ ग्लायकॉलला साधारण २.४ आणि निम्म्या-निम्म्या मिश्रणाला ३.३ च्या आसपास. इंजिनमधली उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेणं हेच ज्याचं काम, त्याची उचलायची ताकदच तुम्ही जवळजवळ निम्मी करताय, वर ते पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट असतं, त्यामुळे पंपाला आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांना जड जातं. जुन्या गाडीच्या अर्ध्या तुंबलेल्या रेडिएटरवर हा प्रयोग करायचा म्हणजे गाडी भर ट्रॅफिकमध्ये तापणारच. हे वाचून किती लोकांनी खरंच तसं केलं असेल याची मला काळजी वाटते.

आता केशरी. इथे एमजीबी कशाची बनलीय ते बघावं लागतं. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनला बनली. १७९८ सीसीचं बी सिरीज इंजिन, ब्लॉक म्हणजे इंजिनचा मुख्य ठोकळा बिडाचा, त्यावर बसणारं हेडही बिडाचंच, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि तो जोडलेला शिसं-कथलाच्या सोल्डरने, बाकी सगळीकडे जुन्या पद्धतीची गॅस्केटं (सांध्यांतून गळू नये म्हणून मध्ये बसवलेल्या चकत्या) आणि रबर. आजच्या गाडीत जवळपास सगळं ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक असतं. केशरी-लाल कूलंट बहुतेक वेळा ओएटी जातीचं, म्हणजे सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं, ते या नव्या धातूंसाठी बनवलंय आणि तिथे ते पाच वर्षं उत्तम काम करतं, त्याबद्दल वाद नाही. जुन्या गाड्यांसाठीचं आयएटी जातीचं असतं, त्यात सिलिकेट, फॉस्फेट वगैरे असतात जे धातूवर पटकन थर धरतात, पण ते लवकर संपतात म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची जी शिखर संघटना आहे, फेडरेशन ऑफ ब्रिटिश हिस्टॉरिक व्हेइकल क्लब्ज, त्यांनी यावर स्पष्ट इशारा दिलाय. जुन्या गाड्यांमध्ये ओएटी घातल्यावर सील आणि गॅस्केटं खराब होऊन गळती झाल्याच्या, इंजिनाचं नुकसान झाल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे सभासदांकडून आल्या. त्यावरून त्यांचा सल्ला असा की जुन्या गाडीत निळं आयएटीच वापरा, ओएटी फक्त जिथे गाडी बनवणाऱ्यानेच ते सांगितलंय तिथे, दोन्ही जाती कधीही एकमेकांत मिसळू नका, आणि ठरलेल्या मुदतीत बदला. ही माणसं जुन्या गाड्या टिकवण्यासाठीच एकत्र आलीयत, कूलंट विकायला बसलेली नाहीत, त्यामुळे "कंपन्यांची लूट" हा आरोप इथे लागूच होत नाही. प्रत्येक जुन्या गाडीचं ओएटीने वाटोळं होतं असं मी म्हणत नाहीये, काहींच्या गाड्या चालल्यातही. पण पंप, हेड गॅस्केट आणि आठवडाभराचं काम हे सगळं पणाला लावून तुम्हाला मिळणार काय, तर दोन वर्षांऐवजी पाच वर्षांनी बदलायची सोय. जुनी गाडी पाळणाऱ्याला ही सोय नकोच असते, तो दर दोन वर्षांनी होज, क्लिपा, पंप बघतोच.

रंग जुळवायचा मुद्दा तर कमालीचा चुकीचा आहे. रंग म्हणजे नुसता टाकलेला डाय, त्याला जगभर पाळला जाणारा नियम नाही. ब्रिटनमध्ये निळं म्हणजे बहुधा जुन्या जातीचं, अमेरिकेत तेच पूर्वापार हिरवं, आणि होंडाचं स्वतःचं निळं कूलंट सिलिकेट नसलेलं, अगदी वेगळ्या रसायनाचं. निळ्यात निळं मिसळलं म्हणून तुम्ही सुरक्षित नाही. कॅन उलटा करून मागचं लेबल वाचा, आयएटी लिहिलंय का आणि सिलिकेट आहे का ते बघा, नाही कळलं तर घेऊ नका.

"पूर्वी पाण्यावरच चालायच्या." यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही, ट्रॅकवर रेसच्या गाड्यांमध्ये आजही पाणीच घालतात, तेही ग्लायकॉल सांडलं तर रस्ता निसरडा होतो म्हणून. आपल्याकडेही टॅक्स्या आणि ट्रक वर्षानुवर्षं नळाच्या पाण्यावर चालले. पण त्यांच्या ब्लॉकमधून निघणारं तपकिरी पाणी आणि क्षाराने बंद झालेल्या नळ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना विचारा. आणि एमजीबीच्या बाबतीत तर हा दावा साफ खोटा आहे, गाडीबरोबर मिळणाऱ्या हँडबुकमध्येच अँटीफ्रीझ, म्हणजे हेच कूलंट, घालायला सांगितलंय, किती टक्के घातलं तर किती अंशाला गोठेल याचं कोष्टकसुद्धा दिलंय. इंग्लंडच्या थंडीत नुसतं पाणी ठेवलं तर एका रात्रीत ते गोठून साधारण ९ टक्के फुगतं, नशीब असेल तर कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेलं पत्र्याचं झाकण, बाहेर पडतो, नसेल तर ब्लॉकच तडकतो, आणि बिडाचा तडकलेला ब्लॉक जोडणं हे कुणाही गॅरेजवाल्याच्या हातचं काम नाही.

थर्मोस्टॅट काढणं ही आपल्याकडची जुनी सवय, मेकॅनिक "गरम होतीये ना, काढून टाकू" म्हणतो आणि सगळे मान डोलावतात. एमजीबीत नेहमीचा ८२ अंशाचा असतो, गरम देशांसाठी ७४ चा मिळायचा. पुण्यात गाडी असेल तर ७४ चा लावा की, काढता कशाला? इंजिन सतत थंड राहिलं की ऑइलमध्ये आलेला पाण्याचा अंश उडून जात नाही, ऑइल खराब होतं, सिलिंडर झिजतात. गाडी तापतेय तर रेडिएटर साफ करा, इग्निशनचं टायमिंग (ठिणगी वेळेवर पडते का) बघा, रेडिएटरची कॅप तिच्या मॉडेलला सांगितलेल्या प्रेशरची आहे का ते बघा.

हळदीने आडरानात छोटं छिद्र तासभर बुजतं हे खरं. पण तीच हळद नंतर हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून सोल्डर मारून मिळतो, तेवढं करा.

शेवटचा मुद्दा वाचून मात्र मला खरंच राग आला. "झाडांना घाला, रंगीत पाणीच असतं." अहो, इथिलिन ग्लायकॉल विष आहे. चवीला गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात, शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे कॅल्शियमबरोबर खडे बनून किडन्या बंद पडतात. मांजराला तर अगदी थोडंसं पुरतं, आणि लहान मुलांनाही हाच धोका. ताईकडे कुत्रा आहे, अंगणात दिवसभर मोकळा फिरतो, आणि हा मेसेज सांगतो बागेत ओता! काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला फोन करून तिथे द्या, आपल्याकडे जे गॅरेज जुनं ऑइल नीट जमा करतं त्यांना विचारा. जमिनीवर सांडलं तर लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवा. कुत्र्याने चाटलंय अशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता तडक व्हेटकडे न्या, उपचार पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो.

तर दाजी, तुमच्यासाठी. ते केशरी कॅन परत करा. निळं आयएटी कॉन्सन्ट्रेट आणा आणि डिआयोनाइज्ड पाणी आणा, नळाचं नको, तुमच्याकडचं पाणी जड आहे. इंजिन पूर्ण गार असतानाच कॅप उघडा, गरम असताना उघडली तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. हीटरचा कंट्रोल गरमवर ठेवून रेडिएटर आणि ब्लॉकचा ड्रेन दोन्हीकडून रिकामं करा, स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करा. फ्लशचं थोडं पाणी ब्लॉकमध्ये राहतंच, म्हणून तयार मिश्रण ओतू नका, सिस्टिम साधारण साडेपाच लिटरची आहे, तर आधी पावणेतीन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि मग वरपर्यंत पाणी भरा, म्हणजे निम्मं-निम्मं जमेल. चुलतभावाने नाशिकला जुनी गाडी घेतलीच तर गोठण्याचा प्रश्न नाही, त्याला एक तृतीयांश कूलंट पुरे, पण त्याहून खाली नको, गंज रोखणारी रसायनं मग पुरत नाहीत. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार झालं की लेव्हल परत बघा, आणि बदलल्याची तारीख बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा.