फॉइल लावून वायफायची रेंज डबल होत नाही

गेले काही दिवस सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, मामेबहिणीच्या ग्रुपवर सगळीकडे एकच मेसेज फिरतोय, "पाच मिनिटांत घरातल्या वायफायची रेंज डबल". चार उपाय दिलेत त्यात: राउटरमागे किचनमधली फॉइल उभी करा, जास्त अँटेनावाला राउटर घ्या, जिथे नेट येत नाही तिथे रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावा, आणि सेटिंगमध्ये चॅनेलची (राउटर ज्या पट्ट्यात बोलतो त्याची) रुंदी २० ची ४० मेगाहर्ट्झ करा. लोक खरंच पैसे घालतायत यात म्हणून लिहितोय.

आधी फॉइल. यात तथ्य अजिबात नाही असं नाही, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी खोलीप्रमाणे आकार काढून, थ्रीडी प्रिंट करून, त्यावर धातूचा थर देऊन असे परावर्तक बनवले होते आणि ते चाललेही. पण ते सिग्नल वळवत होते, वाढवत नव्हते. टॉर्चच्या मागच्या चकचकीत वाटीसारखं आहे, पुढे उजेड जास्त पडतो कारण मागे अंधार होतो. तुमचा राउटर मेन दरवाज्याजवळ असेल आणि मागे फक्त जिना असेल तर फॉइलने हॉलमध्ये थोडा फरक पडेल, पण हॉलमध्ये नेट येतच होतं की! अडचण बेडरूमची आहे, आणि मध्ये भिंत आहे.

भिंतीबद्दल त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही याचाच मला जास्त राग येतो. गिरगावात मावशीच्या चाळीत मध्ये लाकडी पार्टिशन होतं, राउटर पुढच्या खोलीत आणि मोरीपर्यंत नेट यायचं. तीच मावशी आता परळला टॉवरमध्ये आहे, मायवनचं बांधकाम, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात आतल्या भिंती पण काँक्रीटच्याच ओतलेल्या, आत सळई, आणि त्या भिंतीला टेकून आरसावालं कपाट. राउटरचा सिग्नल दोन बँडवर, म्हणजे दोन वेगळ्या लहरींवर येतो, त्यातला ५ गिगाहर्ट्झचा तिथे दोन भिंतींत मरतो, २.४ चा जेमतेम पोचतो.

अँटेनाचं थोडक्यात सांगतो. सहा असोत की आठ, टाळी एका हाताने वाजत नाही. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला तरी फोनचा बारीक आवाज परत राउटरपर्यंत जायला लागतो, आणि फोनमध्ये तुम्ही अँटेना वाढवू शकत नाही.

आता रिपीटर, सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. आमच्याच मजल्यावरच्या ताईंनी मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी घेतला आणि मेसेजमध्ये लिहिल्याप्रमाणे जिथे नेट येत नाही तिथेच, म्हणजे पलंगाच्या बाजूच्या सॉकेटमध्ये लावला. फोनवर सगळ्या कांड्या फुल्ल, आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरतोय. पोरगी रडकुंडीला आली होती हो. मी अ‍ॅपवर बघितलं तर त्या सॉकेटपाशी राउटरचा सिग्नल उणे ८४ होता, हॉलमध्ये उणे ४५ (आकडा शून्याकडे जितका जवळ तितका चांगला, उणे ६७ च्या आसपास असला तर व्हिडिओ कॉल नीट चालतो). त्या कांड्या फोन ते रिपीटर एवढ्याच अंतराच्या असतात, रिपीटरला स्वतःलाच मागून काही मिळत नसेल तर तो पुढे काय देणार? तो पॅसेजमध्ये आणला, बेडरूमच्या दाराबाहेर, तेव्हा क्लास चालू झाला. तरी एकच बँड वापरणारा रिपीटर प्रत्येक गोष्ट आधी ऐकतो आणि मग परत बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण अर्धा होतोच.

४० वालं तर मुंबईत उलटं पडतं. २.४ च्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि माझ्या हॉलमधून शेजारपाजारची तीसच्या वर वायफाय नावं दिसतात. तुम्ही रुंदी ४० केलीत की बँडचा अर्धा भाग तुम्हीच अडवता आणि सगळ्यांचा गोंगाट पण तुमच्याच वाट्याला येतो. २० च ठेवा आणि तिघांतला कमी गर्दीचा चॅनेल निवडा.

मग करायचं काय? वायर टाका. खरंच सांगतो, याला तोड नाही. हॉलमधून बेडरूमपर्यंत कॅट ६ ची लॅन केबल दरवाज्याच्या चौकटीच्या कडेने नाहीतर एसीच्या पाइपच्या भोकातून न्यायची आणि माळ्यावर पडलेला जुना राउटर तिकडे लावायचा. त्याचा डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला आपोआप पत्ते वाटणारी सेटिंग) बंद करा, आयपी पत्ता मेन राउटरपेक्षा वेगळा द्या, केबल त्याच्या वॅन (बाहेरून नेटची वायर येते त्या) पोर्टमध्ये नाही तर लॅन पोर्टमध्ये खोचा, नाव आणि पासवर्ड तोच ठेवा, झालं. मावशीकडे असंच केलंय, बेडरूममध्ये आता हॉलएवढाच स्पीड येतो. फक्त लॅमिंग्टन रोडला केबल घ्यायला गेलात तर पूर्ण तांब्याची मागा, सीसीए लिहिलेली स्वस्त केबल म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा, ती वाकवताना पटकन तुटते.