व्हिजिट चार्ज भरण्याआधी एकदा स्लॅबवर जाऊन या

पावसाळा लागला की कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी तासातासाला व्हॉट्सअॅपवर फिरणार आणि डीटीएचच्या, म्हणजे स्लॅबवरच्या डिशनं (आपल्या भाषेत छत्रीनं) थेट उपग्रहावरून चालणाऱ्या, टीव्हीवर ‘नो सिग्नल’ची पाटी येणार. पहिल्याबद्दल आपण काही करू शकत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र बरंच काही करता येतं. पण आपण काय करतो? कस्टमर केअरला फोन लावतो, एक दाबा, तीन दाबा, स्टार दाबा करत पंधरा मिनिटं तीच धून ऐकतो आणि शेवटी समोरचा माणूस म्हणतो, “सर, इंजिनिअर व्हिजिट करावी लागेल, चार्जेस लागतील.”

माझं स्पष्ट मत आहे, त्या कॉल सेंटरला तुमचा बिघाड शोधण्यात रस नसतो. त्याला व्हिजिट विकायची असते. समोरच्याच्या स्क्रीनवर प्रश्नांची यादी असते, ती संपली की एकच बटण उरतं. त्या पोराला शिव्या घालून उपयोग नाही, त्यानं छत्रीला कधी हातही लावलेला नसतो.

आधी पैशाचं बघू, कारण इथं एक मोठा बदल झालाय आणि तो बऱ्याच जणांच्या ध्यानातच आलेला नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2017 च्या नियमांत डीटीएच कंपन्यांना मर्यादा होत्या: इन्स्टॉलेशनला जास्तीत जास्त 350 रुपये, अॅक्टिव्हेशनला 100, आणि नोंदवलेल्या तक्रारीसाठी माणूस घरी आला तर 250. जुलै 2024 मध्ये ट्रायनं या सगळ्या मर्यादा काढून टाकल्या. जोडणी, व्हिजिट, डिश दुसऱ्या घरी हलवणं, तात्पुरतं बंद ठेवणं, सगळ्याचे दर आता कंपनीनं स्वतः ठरवायचे. अट एकच, ते दर जाहीर केलेले पाहिजेत. म्हणजे ‘250 च्या वर घेताच येत नाही’ म्हणून आज भांडायला गेलात तर तुम्हीच हरता. ‘तुमच्या जाहीर दरपत्रकात हा आकडा कुठं आहे ते दाखवा’ म्हणून भांडलात तर पुढच्याला उत्तर द्यावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाला बारीक अक्षरात ‘कन्झ्युमर कॉर्नर’ असतो. तो उघडून दराचं पान स्क्रीनशॉट काढून ठेवा. माणूस दारात आल्यावर शोधत बसू नका.

महिन्याच्या बिलातही तसंच. नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे चॅनेल घ्या न घ्या, नुसत्या जोडणीचे पैसे. 2019 पासून ती 130 रुपयांवर बांधलेली होती, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. आधी एवढ्यात 100 चॅनेल यायचे, 2020 च्या दुरुस्तीनंतर 200. त्याच दुरुस्तीनं घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी या फीच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही असंही ठरलं होतं, म्हणजे 52 रुपये अधिक कर. 2024 मध्ये 130 ची मर्यादाही गेली. आता भागाभागाप्रमाणे, योजनेप्रमाणे फी वेगळी असू शकते. त्यामुळे शेजारच्याचं बिल घेऊन कंपनीशी वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही. आपल्याच अॅपमध्ये जाऊन बिलाची फोड बघा: फी किती, चॅनेल आणि पॅकचे किती, कर किती, आणि चौथं काही आहे का.

हे चौथं फार महत्त्वाचं. भजनाचं, स्वयंपाकाचं, मुलांच्या खेळाचं, जुन्या सिनेमाचं असं कंपनीचं स्वतःचं एखादं चॅनेल ‘काही दिवस मोफत’ म्हणून चालू होतं आणि मुदत संपली की पैसे कापायला लागतं. रिमोटवरचं एखादं बटण नकळत दाबलं जातं, ‘ओके’ म्हटलं जातं, झालं. रक्कम छोटी असते म्हणून कुणी बघत नाही, आणि नेमकं म्हणूनच ती छोटी ठेवलेली असते. खेळाच्या चॅनेलचंही तेच. फुटबॉलचा वर्ल्डकप आला की आपल्याकडं पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिना सुरू होतं, पोरं आग्रहानं स्पोर्ट्स पॅक मारून घेतात, फायनल होते, पोस्टर पावसानं गळून पडतात, पॅक मात्र चालूच असतो. कार्यकर्त्यांनी जाताना तेवढं बंद करून जावं.

आणखी एक. पे चॅनेल सुटं घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, पॅकच घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही. अॅपमध्ये हा पर्याय दोन-तीन पानं आत ढकललेला असतो एवढंच. दूरदर्शनचे ठरलेले चॅनेल, सह्याद्री धरून, तसेही द्यावेच लागतात. घरात खरंच बघितले जाणारे पे चॅनेल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर एकदा सुट्या दरांची बेरीज करून बघा. पॅकमध्ये घालायचं चॅनेल महिन्याला 19 रुपयांपेक्षा महाग असता कामा नये, असा नोव्हेंबर 2022 पासूनचा नियम आहे. त्यावर कर धरला तर 22 रुपये 42 पैसे. एवढ्या आकड्यावर हिशेब पाच मिनिटांत होतो. कधी पॅक स्वस्त पडतो, कधी सुटं. कंपनीच्या ‘रेकमेंडेड’ पॅकवर डोळे झाकून विसंबू नका.

आता बिघाडाकडं. टीव्हीवर काय लिहून येतंय ते आधी नीट वाचा. प्रकार दोनच. सिग्नल मिळत नाही, हा एक. सिग्नल आहे पण बघायची परवानगी नाही, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात छत्रीचा काही संबंध नसतो, म्हणून माणूस घरी बोलवायचंही कारण नाही. रिचार्ज मारूनही चॅनेल बंद असेल तर डब्याला (सेट-टॉप बॉक्सला) परवान्याचा संदेश पोचलेला नसतो. हा संदेश उपग्रहावरूनच येतो, त्यामुळे त्या वेळी डबा चालू आणि सिग्नल ठीक पाहिजे. चॅनेल लागत नाही म्हणून लोक डबा बंद करून ठेवतात आणि मग रिचार्ज मारतात, तिथं गाडी अडते. डबा चालू करा, कंपनीच्या होम चॅनेलवर ठेवा, अॅपमधून रिफ्रेश, म्हणजे तोच परवान्याचा संदेश पुन्हा, पाठवा आणि पंधरा-वीस मिनिटं रिमोटला हात लावू नका. बरेच दिवस बंद असलेल्या डब्याला साधा रिफ्रेश पुरत नाही. तेव्हा फोनवर ‘हेवी रिफ्रेश पाठवा’ असं त्याच शब्दांत सांगा.

सिग्नलच नाही म्हणतोय? मग पाऊस कसा आहे ते बघा. डीटीएचचा सिग्नल 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपासचा, ज्याला केयू बँड म्हणतात त्या लहरींचा. मुसळधार सरीत थेंब तो शोषून घेतात. यावर कुठल्याच कंपनीकडं औषध नाही. पण हा प्रकार त्या सरीपुरता असतो. ढग सरकला की चित्र परत येतं. गगनबावडा, राधानगरीकडं सरीच लांबतात म्हणून तिकडं जास्त वेळ जातो. मात्र नुसत्या भुरभुरीत चित्र फुटत असेल, किंवा पाऊस थांबून ऊन पडलं तरी तासन्तास येत नसेल, तर तो पावसाचा दोष नव्हे. छत्री हललीय किंवा कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडात, पाणी गेलंय.

कनेक्टर बघायचा तर आधी डब्याचं बटण बंद करून प्लग काढा. चालू डब्यावर केबल काढ-घाल करू नका, केबलची मधली तार भोवतीच्या धातूच्या जाळीला टेकली तर डब्याचा एलएनबीला (छत्रीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज देणारा भाग जाऊ शकतो. मग छत्रीच्या पुढच्या दांड्यावरच्या एलएनबीला लागलेला एफ-कनेक्टर सोडवा. मधली तार लखलखीत पाहिजे. हिरवी-काळी पडली असेल, जाळी ओली असेल, तर तुमचा ‘मोठा फॉल्ट’ सापडला. केबलचं टोक वीतभर कापून टाका, आरजी-6 चं (हीच छत्रीची केबल) आवरण सोलून नवा कनेक्टर बसवा, मधली तार कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा आणि जाळीचा एकही केस तिला टेकू देऊ नका. वर रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटणारी, टेप ताणून गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते आणि उलट आत पाणी धरून ठेवते. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथं ठिबकतं, केबलवरून डब्यापर्यंत येत नाही. कनेक्टर आणि टेपचा खर्च किरकोळ आहे, व्हिजिटचे पैसे याच कामाचे जातात. पण उतरता पत्रा असेल, शेवाळ धरलं असेल, तर वर चढू नका. तिथं व्हिजिट चार्ज स्वस्त.

निम्मे चॅनेल दिसतात, निम्मे नाहीत? मग छत्री हललेली असण्याची शक्यता कमी. डबा एलएनबीला कधी 13 व्होल्ट देतो, कधी 18, आणि त्यावरून उभी की आडवी लहर घ्यायची ते ठरतं. यातला एक व्होल्टेज नीट पोचला नाही तर नेमका एक गट गायब होतो. संशय एलएनबीवर, कुजलेल्या केबलवर किंवा डब्यावर. फोनवर ही खूण आवर्जून सांगा, म्हणजे येणारा माणूस एलएनबी सोबत घेऊन येईल. नाहीतर ‘बघून जातो, पार्ट घेऊन परत येतो’ म्हणून दोनदा व्हिजिट लावतात.

डबा सारखा रिस्टार्ट होतो किंवा लाल दिवा लुकलुकतो तेव्हा ‘डबा गेला, नवीन घ्या’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. आधी अॅडॅप्टर बदलून बघा. वीज गेली-आली की पहिला तोच कमजोर होतो. त्यावरचं लेबल वाचा, बहुतेकदा 12 व्होल्ट असतं. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची जाडी व प्लस-मायनस सारखे. डबा खरंच गेला असेल तर तो तुम्ही विकत घेतलेला आहे की भाड्याचा, ते जोडणीच्या कागदावर बघा. भाड्याच्या डब्याच्या दुरुस्तीचे पैसे तुमच्याकडून मागायचं कारण नाही.

आता झाडाचं. ‘समोरच्या नारळामुळे सिग्नल येत नाही, छत्री हलवावी लागेल, शिफ्टिंग चार्ज’ हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. कोल्हापुरातून डीटीएचचे उपग्रह आग्नेयेच्या अंगाला येतात. कंपनीप्रमाणे उपग्रह वेगळा: 83 अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह क्षितिजापासून साधारण 68 अंश वर, 108 अंशाच्या आसपासचा साधारण 47 अंश वर. छत्रीवरून दहा मीटर उंच झाड पहिल्याला आडवं यायला छत्रीपासून चार मीटरच्या आत पाहिजे, दुसऱ्याला साडेनऊ मीटरच्या आत. रस्त्यापलीकडचं झाड 83 वाल्याला सहसा अडवू शकत नाही. आपली फसगत होते कारण छत्रीची थाळी दिसते तिच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, तिची घडणच तशी तिरपी आहे. जाता जाता, खाली असलेल्या उपग्रहाचा सिग्नल पावसातून जास्त अंतर कापून येतो, 68 च्या तुलनेत 47 अंशाला साधारण सव्वापट. सरीत एकाचा टीव्ही आधी जातो आणि शेजाऱ्याचा चालू राहतो, त्यामागं हेही एक कारण असतं.

पूरपट्ट्यातल्यांसाठी थोडं वेगळं. पंचगंगा 39 फुटांवर गेली की चिखली-आंबेवाडीत बोचकी बांधायला सुरुवात होते. 2019 आणि 2021 नंतर हे सांगायला नको. घर बंद, वीज बंद, पॅक मात्र दिवसाला पैसे खात राहतो. तात्पुरतं बंद ठेवण्याची सोय असते, पण कंपनी विनंती आगाऊ मागते, आणि पूर काही अर्ज देऊन येत नाही. म्हणून जून-जुलैत वर्षाचा किंवा सहा महिन्यांचा रिचार्ज मारू नका, महिन्याचाच ठेवा. निघताना प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढा आणि डबा वरच्या फळीवर ठेवा.

फोन करायचाच तर नंबर गुगलवर शोधू नका. कस्टमर केअरच्या नावाखाली तिथं भामट्यांचे नंबर बसलेत. ‘अॅप टाका, दहा रुपये भरा’ म्हणाला की फोन ठेवा. नंबर डब्याच्या मेन्यूत किंवा कंपनीच्या अॅपमध्ये असतो. नोंदवलेल्या मोबाईलवरूनच लावा. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि ‘तोंडी नोंद केलीय सर’ याला काही अर्थ नसतो. माणूस आला की पैसे देण्याआधी पावती मागा, पावतीवर तोच डॉकेट नंबर आणि कुठला पार्ट बदलला ते लिहून घ्या. काढलेला जुना पार्टही दाखवायला सांगा.

तिथं दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्याला) ईमेल करा, पत्ता त्याच कन्झ्युमर कॉर्नरवर असतो. ट्राय एकट्या-दुकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथं लिहिण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, हिथून बऱ्याचदा कंपनी हलते. त्यानंतर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथंच दावा लावता येतो, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतो. डॉकेट नंबर, पावती आणि दरपत्रकाचा स्क्रीनशॉट तिथं कामाला येतात.

आणि एवढ्या सगळ्याला कंटाळून जोडणीच सोडायची असेल तर छत्री भंगारात घालू नका. कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीला चालत नाही, ही या धंद्यातली जुनी चलाखी. पण डिश विकत घेतलेली असेल तर ती, केबल आणि बहुतेक वेळा एलएनबीही दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिश सेवेला चालतात. फ्री डिश 93.5 अंशावर, जीसॅट-15 उपग्रहावर आहे. आधी 83 वर लावलेली छत्री असेल तर आणखी 22-23 अंश पूर्वेकडं फिरवायची आणि सात-आठ अंश खाली घ्यायची. मोबाईलचं होकायंत्र लोखंडी पत्र्याजवळ चुकतं, दोन पावलं लांब उभं राहून दिशा घ्या. फ्री डिशचा डबा वेगळा घ्यावा लागतो, महिन्याची फी नाही. खाजगी चॅनेल तिथं लिलावानं येतात-जातात, त्यामुळे घरातली ठरावीक मराठी मालिका तिथं आहे का, ते आधी कुणाकडं तरी बघून या आणि मगच जुना डबा सोडवा.