भोक भुंग्याचं, खापर लाकडावर

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतल्या घरांचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. "तुळयांना भुंगा लागलाय, लाकूड संपलं, आता पाडून स्लॅबचं बांधा." घरच्या ग्रुपवर फोटो पडतो: गोल काळं भोक, खाली पायरीवर भुशाचा ढीग, आणि लगेच पाच-सहा जणांचे अंगठे. आमच्यासारखा कुणी बाहेरून "जरा थांबा" म्हणाला की उत्तर तयारच असतं: "तिकडं बसून वाडा जपा म्हणायला काय जातंय?" या दुसऱ्या वाक्याकडे मी शेवटी येईन. आधी पहिलं बघू, कारण ते साफ चुकीचं आहे आणि त्या चुकीपायी शंभर वर्षं टिकलेलं सागवान भंगाराच्या भावानं चाललंय.

इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेत, अख्खी घरंच लाकडाची आहेत. पाइनचा सांगाडा, पाइनचा डेक म्हणजे घराबाहेरचा लाकडी ओटा, वर सीडरचा परगोला म्हणजे उघडा मांडव. एप्रिल उजाडला की डेकच्या कठड्याभोवती भुंगे घोंगावू लागतात. त्यापायी कुणी घर पाडत नाही. शिडी निघते, भोकं बुजतात, रंगाचा हात फिरतो, संपलं. आपल्या सागवान-किंजळीपुढे पाइन म्हणजे खोक्याचं लाकूड. ते इतकी वर्षं उभं राहतं आणि आपली तुळई एका भुंग्यानं मोडीत निघते, हे मला पटत नाही.

हा भुंगा म्हणजे मधमाशीच्याच जातकुळीतली लाकूड कोरणारी माशी, इंग्रजीत कार्पेंटर बी. तो लाकूड खात नाही, हे पहिल्यांदा डोक्यात बसायला हवं. मादी जबड्यानं लाकूड कुरतडते आणि भुसा बाहेर टाकते. भोक गिरमिटानं पाडल्यासारखं गोल असतं. इकडच्या जातीचं साधारण 13 मिमी, आपल्याकडच्या मोठ्या काळ्या भुंग्याचं थोडं मोठं, करंगळी सहज जाईल एवढं. आत अडीच-तीन सेंमी सरळ गेलं की बोगदा काटकोनात वळतो आणि रेषेच्या दिशेनं 10 ते 15 सेंमी जातो. इंचभर कोरायला पाच-सहा दिवस लागतात. आत परागकण आणि मधाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग भुशाचा पडदा, पुन्हा गोळा, पुन्हा अंडं, अशा सहा-आठ खोल्या एका रांगेत होतात. अंड्याचा भुंगा व्हायला दीड-दोन महिने लागतात. दारात तोंडासमोर येऊन गुरगुरतो तो बहुतेक नर. त्याला नांगी नसते. मादीला असते, पण मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही.

आता हिशेब करा. 15 सेंमी रुंद आणि 20 सेंमी उंच तुळईचा छेद 300 चौ. सेंमी. 15 मिमीच्या बोगद्याचा छेद पावणेदोन चौ. सेंमी, म्हणजे तुळईच्या अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. अशा एका भोकानं तुळई खाली येत नाही. वाशाचं मात्र वेगळं आहे. 5 बाय 7.5 सेंमीच्या वाशात तोच बोगदा पावणेपाच टक्के खातो आणि एकाच जागी तीन आले तर 14 टक्के. खरी भीती वाशांना, कठड्याच्या गजांना आणि पागोळीच्या फळीला आहे. भीतीचं कारणही भुंगा एकटा नव्हे. जुनं बीळ पुढची पिढी वापरते, लांबवते, शेजारी फाटा काढते. दहा वर्षं कुणी वर पाहिलंच नाही तर लाकूड आतून बासरीसारखं होतं. मग आतल्या अळ्या खायला सुतारपक्षी येतो आणि चोचीनं सालपटं काढतो. त्या भेगांतून पाणी शिरलं की कुजणं सुरू.

पाडायचा निर्णय घेण्याआधी भोक नीट तरी बघा. टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड असेल तर तो घुण. मातीच्या नळ्या भिंतीवरून चढताना दिसल्या तर वाळवी. भुंग्याचा भुसा जाड, रव्यासारखा, आणि भोकाखाली पिवळट-तपकिरी ओघळ. वाळवी ओलीवर जगते, भुंग्याला कोरडं, ठणठणीत लाकूड लागतं. म्हणजे भुंग्यानं निवडलेली तुळई बहुधा अजून चांगली असते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत भिजलेल्या घरांत वाळवी आणि कूज आधी तपासा. तिथे भुंग्याच्या नावानं ओरडून खरं दुखणं लपतं.

उपाय सांगतो. भोकात जीव आहे का, हे संध्याकाळी वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबून कळतं. दोन दिवसांत बोळा ढकलून दिलेला दिसला तर आत वस्ती आहे. वस्ती असताना भोक बुजवायची घाई करू नका. आतला भुंगा शेजारून नवी वाट कोरतो आणि एका भोकाची दोन होतात. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. अंधार पडल्यावर, भुंगे आत असताना, निमुळत्या तोंडाच्या कोरड्या प्लास्टिक बाटलीनं अर्धा चहाचा चमचा बोरिक पावडर आत फुंकायची. पावडर वळणाच्या पलीकडे पोचायला हवी; तोंडाशी ढीग झाला तर भुंगा तो बाहेर लोटून देतो. तोंडाला रुमाल, डोळ्यांना चष्मा, खाली पोरं-जनावरं नकोत. दोन-तीन दिवस भोक उघडं ठेवा, म्हणजे ये-जा करताना पावडर अंगाला लागते. ये-जा थांबली की पुन्हा बोळ्याची परीक्षा करा.

मग बुजवणं. भांडी घासायच्या स्टीलच्या घासणीचा तुकडा वळणापर्यंत कोंबायचा. साधी लोखंडी तार आपल्या पावसात गंजून लाकडावर डाग सोडते. त्यावर वाळलेल्या सागवानाची चार सेंमी लांब, भोकाच्या मापाची खुंटी वॉटरप्रूफ फेव्हिकॉल लावून ठोकायची. दुसऱ्या दिवशी आरीनं सपाट कापायची, वर लांबी (पुट्टी), घासायला 120 नंबरचा कागद, प्रायमर, तेलरंगाचे दोन हात. नुसती लांबी भरली तर मादी ती सहज कुरतडते. सिमेंट आकसून सुटतं आणि मागे ओल धरतं. शेणमाती एका पावसाळ्यात खाली येते. रंगाचा पापुद्रा असलेलं लाकूड भुंगा टाळतो, नुसत्या पॉलिशला फारसं जुमानत नाही. ज्यांना सागवान उघडं दिसायला हवं त्यांनी बेलतेलावर (जवसाच्या तेलावर) भरवसा न ठेवता निदान तुळईची वरची आणि मागची बाजू, जिथे नजर जात नाही, रंगवून घ्यावी. हे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत आटपायला हवं. वळीव लागल्यावर ओल्या लाकडावर लावलेला रंग फोड येऊन निघतो. दुसरी फेरी दिवाळीच्या साफसफाईत, जाळी काढताना.

आणि कृपा करून रॉकेल, पेट्रोल ओतू नका. शंभर वर्षांचं वाळलेलं लाकूड, शेजारून गेलेली जुनी वायर, आणि मध्ये पेट्रोल. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री पेटलं तेव्हा आगीपुढे लाकडाचं काय होतं ते सगळ्या कोल्हापूरनं पाहिलंय. जळकं ऑइलही नको. ते वाळत नाही, धूळ धरतं, आणि नंतर त्यावर कुठलाच रंग बसत नाही.

इथल्या व्हिडिओंची नक्कल करणाऱ्यांनाही सांगायचंय. इकडे लोक भोकात कार्बारिल या कीटकनाशकाची भुकटी मारतात. भारतात 2018 साली कार्बारिलवर बंदी आली, आणि डायक्लोरव्हॉस हे दुसरं कीटकनाशक 2020 च्या अखेरीस पूर्ण बंद झालं. कुणी जुनी बाटली काढून देत असेल तर घेऊ नका. या बाबतीत आपलं शहाणपण इथल्यापेक्षा पुढे आहे, हे मला अभिमानानं सांगायचंय.

दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात, भुंग्याला हातच लावू नका, तो परागीभवन करतो. करतोच. शेवगा, तूर, ताग, रुई, सगळीकडे तो दिसतो. पण म्हणून वाशातच त्याचा संसार मांडायला नको. परड्यात किंवा गोठ्याच्या वळचणीला वाळलेल्या वेळूचे हातभर लांबीचे दहा-बारा तुकडे बांधून आडवे टांगा. आतली पोकळी 15 ते 18 मिमी, एक टोक पेरानं बंद, उघडं टोक पावसापासून आडोशाला. वाशातली भोकं बुजवलेली असली आणि वेळू जवळ असला, तर बरेच भुंगे तिकडे वळतात. इथे लोक लाकडी खोक्याला तिरकी भोकं पाडून खाली बरणी लावतात, त्यात भुंगे पडून मरतात. मला वेळू जास्त आवडतो.

आता ते दुसरं वाक्य. तिकडं बसून बोलणं सोपं आहे, हे खरं आहे, आणि ते लागतं. मी वर सांगितलेलं काम वर्षातून दोनदा करायचं असतं, आणि दोन्ही वेळा तिथे हजर असलेल्या माणसालाच ते करता येतं. पैसे पाठवता येतात, खुंटीचं माप पाठवता येतं, अंधार पडल्यावर भोकापाशी कान लावता येत नाही. तिथल्या घराच्या सोप्यात दुपारी पडल्यापडल्या वरून येणारा तो कुरकुर आवाज, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा, मला इथल्या डेकवरही ऐकू येतो. पण इथला भुंगा बुजवताना मी फक्त घराची किंमत सांभाळत असतो. तिथल्या तुळईवर माझं नाव नाही, हक्कही फारसा उरला नाही, आणि तरी ती कुणी कापायला काढली की मला झोप लागत नाही. जो तिथे राहतो त्यानंच ठरवावं, हे मान्य. फक्त ठरवण्याआधी एका संध्याकाळी शिडी लावून प्रत्येक भोकात कागदाचा बोळा कोंबा, दोन दिवसांनी किती बाहेर पडले ते मोजा, आणि वाशांचा आकडा तुळयांपासून वेगळा लिहा. तो आकडा ग्रुपवर टाका. सुताराची मजुरी आणि रंगाचा खर्च माझ्याकडे.