गुरांवरचं काम फक्त क्वार्टर हॉर्सलाच जमतं?

पुणे परिसरातल्या घोडेवाल्यांत एक मजकूर हातोहात फिरतो आहे. विषय गुरांवरच्या कामाचा, म्हणजे घोड्यावर बसून गुरं अडवण्या-वळवण्याचा. त्याचं म्हणणं असं: गुरांची जाण फक्त अमेरिकन क्वार्टर हॉर्स या जातीला असते, रेसमधून निघालेला थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) गुरं दिसली की भडकतो, मारवाडी-काठियावाडीची मान उंच, म्हणून त्यांना हे जमत नाही, या कामाला मोठा कळप लागतो, आणि शेवटी घोडा बिघडतोच. यातल्या पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीच्यांमुळे चांगले घोडे एका उपयोगी शिक्षणाला मुकतात.

क्वार्टर हॉर्सच्या काही वंशांत गुरांची जाण पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणली आहे, हे खरं. कटिंगच्या स्पर्धेत अडीच मिनिटांत लगाम सैल ठेवून गाय कळपापासून अडवायची असेल, तर तोच घोडा सरस. पण आपल्याला घोड्याला थांबणं, मागे सरणं आणि मागच्या पायांवर वळणं शिकवायचं आहे. फ्रान्समधले कामार्ग, अर्जेंटिनातले क्रिओयो, स्पेनमधले अंदालुसियन, ऑस्ट्रेलियन स्टॉक हॉर्स, सगळे गुरांवर काम करतात. क्वार्टर हॉर्सच्या अंगातही थरोब्रेडचं रक्त भरपूर आहे.

काम कसं करतात ते पाहिलं की जातीचा प्रश्न मागे पडतो. गुरांपुढे नेण्याआधी घोडा मांडीच्या इशाऱ्यावर थांबला पाहिजे आणि हलक्या हाताने चार-पाच पावलं मागे सरला पाहिजे. मग कालवड कुंपणालगत चालू द्यायची, घोडा आतल्या बाजूने, चार-पाच मीटर अंतर ठेवून समांतर. घोड्याचं नाक कालवडीच्या पुठ्ठ्याच्या रेषेत. सगळी किल्ली तिच्या खांद्याशी आहे: घोडा खांद्याच्या मागे असेल तर ती पुढे चालते, खांद्यापुढे गेला तर थांबते किंवा वळते. ती थांबली की घोडा थांबवा, दोन पावलं मागे घ्या, लगाम सैल करा. ती वळली की आधी थांबा, मगच वळा. इथेच बहुतेकांचं चुकतं. थांबण्याआधी वळवलेला घोडा आतल्या खांद्यावर कलतो, कोपरा कापतो आणि गाईच्या अंगावर जातो. कालवड चालायची सोडून पळायला लागली, तर तुम्ही फार जवळ आहात. दहा मिनिटं पुरेत.

बुजरा घोडा यात उलट धीट होतो, कारण तो पुढे सरकला की समोरचं जनावर मागे हटतं. फक्त सुरुवातीला कालवड कोपऱ्यात कोंडू नका. ती उलटून अंगावर आली तर सगळी मेहनत वाया.

थरोब्रेड भडकतो, पण गुरांमुळे नव्हे. रेसमध्ये तो लगामावर भार टाकून पळायला शिकलेला असतो. गाय हलली, स्वाराने दोन्ही हातांनी ओढलं, की तो जोर वाढवतो. म्हणून आधी रेसनंतर पुरेशी विश्रांती, मग काही दिवस गुरं दिसतील अशा जागी नुसतं उभं राहणं आणि चालणं. घोड्याने घाई केली तर एका लगामाने लहान वर्तुळात घ्या, शांत झाला की पुन्हा गाईकडे. दुडकी आठवड्यांनंतर.

मारवाडीची मान जन्मतः उंच असते. अंदालुसियनचीही असते. वळताना भार मागच्या पायांवर येतो की नाही एवढंच पाहायचं. मान खाली ओढायला काटेरी लगाम घालणं क्रूर आहे, आणि वेदनेने घोडा तोंड वर करून पाठ पोकळ करतो, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. तोंडात साधी, मधे जोड असलेली कडी पुरते.

कळपही लागत नाही. शिंगं काढलेल्या तीन-चार संकरित कालवडी बस झाल्या. एक कामाला, बाकीच्या कोपऱ्यात सोबतीला, कारण एकटी कालवड घाबरून कुंपणावर झेपावते. खिल्लार नको: शिंगं लांब, वेग जास्त. गाभण आणि दुभत्या गाई तर मुळीच नकोत. कालवड तोंड उघडून धापा टाकायला लागली की काम तिथेच बंद. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका. गुरं नसतील तर दोन खांबांमधल्या दोरीवर कप्पीने पुढेमागे ओढलेलं निशाणही चालतं. आणि गव्हाणींवर लक्ष ठेवा: गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं. गुरांना ते चालतं, पण घोड्याच्या हृदयाला ते थोड्या मात्रेतही घातक ठरतं.

घोडा बिघडतो तो पाठलाग करू दिल्याने. कान मागे टाकून चावायला गेला, तर अंतर दुप्पट करा आणि पुन्हा चालीवर या. आठवड्यातून दोनदा, बाकी दिवस नेहमीची सवारी.