पिसारोने रंगवलेले खेडे

मोनेची कमळे आणि देगाच्या नर्तकी कॅलेंडरांपासून कॉफीच्या मगांपर्यंत सगळीकडे पोचल्या. कामीय पिसारो मात्र चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुरता राहिला, आणि हे मला अन्यायाचे वाटते. १८७४ ते १८८६ या काळात इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपू पाहणाऱ्या या चित्रकारांची, आठ प्रदर्शने भरली. त्या आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा तो एकटाच. शिवाय या मंडळींपैकी खेडे आतून कोणाला कळले असेल, तर ते या परक्या माणसालाच, असे माझे ठाम मत आहे.

परका म्हणण्याचे कारण असे की त्याचा जन्म १८३० सालचा, कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस या तेव्हाच्या डॅनिश बेटावरचा. घर ज्यू व्यापाऱ्याचे. शाळेसाठी काही वर्षे पॅरिसजवळ राहून तो परतला, वडिलांच्या धंद्यात रमला नाही, फ्रिट्झ मेल्बी या डॅनिश चित्रकाराबरोबर व्हेनेझुएलाला गेला आणि १८५५ मध्ये फ्रान्सला आला तो कायमचा. नागरिकत्व मात्र अखेरपर्यंत डेन्मार्कचेच राहिले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो लंडनला गेला असताना लुवसिएन येथील त्याचे घर प्रशियाच्या सैनिकांनी ताब्यात घेतले आणि चिखलातून चालण्यासाठी त्याचे कॅनव्हास जमिनीवर अंथरले. वीस वर्षांच्या सुमारे १,५०० कलाकृतींपैकी ४० च्या आसपास उरल्या.

परतल्यावर पाँत्वाझ गावी राहून त्याने १८७३ मध्ये ‘गोठलेले दंव’ हे चित्र केले. नांगरलेले शेत, त्यातून चढत जाणारी वाट आणि पाठीवर मोळी घेतलेला, काठी टेकत चाललेला एक माणूस. शेतावर निळसर सावल्यांचे पट्टे आडवे पडले आहेत, पण ज्या झाडांच्या त्या सावल्या, ती चित्रात कुठेच नाहीत. ती चौकटीबाहेर, पाहणाऱ्याच्या बाजूला आहेत. म्हणजे आपणही त्या बांधावर थंडीत उभे आहोत. पहिल्या प्रदर्शनात लुई लरुआ या टीकाकाराने या चित्राची टर उडवली होती: मळक्या कॅनव्हासवर रंगपाटीची खरवड थापली आहे, अशा अर्थाची. खरे तर नांगरटीचे तास आणि ब्रशचे फटकारे इथे एकाच दिशेने धावतात, आणि नेमके तेच त्याच्या लक्षात आले नाही.

पुढे १८८० नंतर माणसे मोठी होऊन पुढे आली. १८८१ च्या एका चित्रात शेतकरी घरातली तरुण मुलगी खिडकीशी बसून कॉफीत चमचा फिरवते आहे. तिच्यात करुणा नाही, गोडवाही नाही; काम थांबले आहे आणि कॉफी गरम आहे, एवढेच. टीकाकार पिसारोला सारखे मिले या शेतकऱ्यांची चित्रे काढणाऱ्या चित्रकाराच्या पंक्तीला बसवीत आणि त्याला ते रुचत नसे, यात नवल नाही. मिलेचा शेतकरी धर्मग्रंथातून उतरल्यासारखा गंभीर असतो. पिसारोचा शेतकरी सफरचंदे झोडतो, बाजारात कोंबड्या विकतो, बांधावर बसून गप्पा मारतो. याचे एक कारण, मला वाटते, घरातच होते. त्याची पत्नी ज्युली बर्गंडीतील शेतकरी कुटुंबातली, पूर्वी त्याच्या आईच्या घरी कामाला असलेली. सासूने हे लग्न मनापासून कधी स्वीकारले नाही. आठ मुलांचा संसार ओढण्यासाठी ज्युली स्वतः भाजीपाला पिकवी आणि कोंबड्या पाळी. शेतीकाम हा त्याच्या दृष्टीने देखावा असणे शक्यच नव्हते. त्याचे अराज्यवादी, म्हणजे राज्यसत्ताच नाकारणारे, विचारही याच जमिनीतून आले असावेत.

१८८५ च्या सुमारास, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या जॉर्ज सरा या चित्रकाराची बिंदुपद्धती, म्हणजे रंगांचे ठिपके शेजारीशेजारी मांडून चित्र करण्याची रीत, उचलली. गिऱ्हाइके दुरावली, एकेक चित्र पुरे व्हायला फार वेळ लागू लागला, आणि १८९० च्या आसपास त्याने ती सोडून दिली. अभ्यासक याला आडवळण म्हणतात. मला मात्र १८८८ चे ‘सफरचंदांची तोडणी’ त्याच्या उत्तम चित्रांपैकी एक वाटते, कारण झाडाखालची ती गुलाबी-निळी सावली त्या ठिपक्यांखेरीज अशी थरथरली नसती.

१८९२ मध्ये द्युरां-र्युएल या चित्रविक्रेत्याने भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनाने त्याचे दिवस थोडे पालटले. त्याच वर्षी मोनेकडून पैसे उसने घेऊन एरान्यी या खेड्यातील राहते घर विकत घेण्यात आले. डोळ्यांच्या दुखण्यामुळे वाऱ्याधुळीत उभे राहणे अवघड झाले, म्हणून पॅरिस आणि रुआँच्या हॉटेलांच्या खिडक्यांतून त्याने रस्त्यांच्या मालिका रंगवल्या. आज पिसारो म्हटले की बहुतेकांना ‘बुलेव्हार माँमार्त्र’च आठवते. ती चित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. पण तिथे तो माणसांना वरून पाहतो, आणि एरान्यीच्या शेतात त्यांच्या शेजारी उभा राहून.