मोठ्या कुत्र्याचा गुडघा आणि ‘आपोआप बरं होतं’ म्हणणारा मेसेज

कुत्री पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो. सारांश असा: मागच्या पायाच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तर ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका. आठ आठवडे बांधून ठेवा, गुडघ्याला पट्टा लावा. लंगडणं थांबलं की गुडघा बरा झाला. फारच हौस असेल तर बाहेरून दोरा घालण्याचं साधं ऑपरेशन करा, हाड कापणं हा पैसे काढायचा धंदा आहे. कोणताही व्हेट ते करतो. आणि नाहीतरी दुसरा पाय जाणारच, मग खर्च कशाला?

यातलं एखादं वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणून तर मेसेज पटतो. पण आठ किलोचं कुत्रं आणि चाळीस किलोचा रॉटवायलर त्याने एकाच मापाने मोजलेत.

‘आपोआप भरून येतं.’ मेसेजमधलं हे लिगामेंट म्हणजे गुडघ्याच्या आतलं क्रूशिएट लिगामेंट; ते तुटलं की पुन्हा सांधलं जात नाही. सांध्याभोवती जाड, तंतुमय आवरण तयार होतं आणि ते गुडघ्याला थोडंफार धरून ठेवतं. हलक्या कुत्र्याला तेवढा आधार बहुतेक वेळा पुरतो. 1984 च्या एका जुन्या अभ्यासात ऑपरेशन न केलेली कुत्री वजनानुसार वेगळी करून पाहिली होती. 15 किलोपर्यंतच्या 28 पैकी 24 सुधारली किंवा अगदी नीट झाली. 15 किलोच्या वरच्या 57 पैकी फक्त 11. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा पहिल्या गटातलंच कुत्रं पाहिलं असावं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2013 मध्ये वजन वाढलेल्या 40 कुत्र्यांवर एक अभ्यास झाला. वर्षभराने ऑपरेशनवाल्या गटात 75 टक्के यश दिसलं, बिनऑपरेशनच्या गटात जवळपास 64 टक्के. हा आकडा ऑपरेशनविरोधक आनंदाने पुढे करतात, पण त्या 64 टक्क्यांमागे काटेकोरपणे वजन उतरवणं, फिजिओथेरपी आणि नियमित वेदनाशामक औषधं होती. नुसतं बांधून ठेवणं नव्हतं. भूल देण्यात खरोखर धोका असेल किंवा कुत्रं फार म्हातारं असेल, तर हा रस्ता मीही सुचवेन. पट्ट्याच्या बाजूने मात्र भरवशाचा पुरावा फारसा नाही. आणि घरातली माणसांची आयब्युप्रोफेन देणं तर थेट जिवावर बेतू शकतं.

‘लंगडणं थांबलं म्हणजे बरं झालं.’ माझ्या मते मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. पहिली सूज ओसरली की कुत्रं पाय टेकवू लागतं आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. तेव्हा त्याला सरळ उभं करा, मागे बसा आणि दोन्ही गुडघे एकाच वेळी चाचपा. चांगल्या गुडघ्यात वाटीखालचा जाड स्नायुबंध दोरीसारखा स्पष्ट लागतो. बिघडलेल्यात त्याच्या कडा सुजेत हरवतात आणि आतल्या बाजूला टणक फुगवटा जाणवतो. त्या बाजूची मांडी बारीक झालेली असते. बसताना तो पाय अंगाखाली न घेता बाहेर टाकलेला असतो. चालताना गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला, तर आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटल्याची शंका घ्यायलाच हवी. कुत्रं ओरडत नाही म्हणून दुखत नाही, असं नसतं.

‘हाड कापणं म्हणजे धंदा.’ हाड का कापतात, ते आधी समजून घेऊ. कुत्रं उभं असतानाही त्याचा गुडघा वाकलेला असतो आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मागे उतरता असतो, बऱ्याच कुत्र्यांत 20 ते 25 अंश, काहींत त्याहून जास्त. दर पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं आणि नडगी पुढे सरकते. ही ओढ लिगामेंट रोखून धरत असतं. अनेक कुत्र्यांत ते एका उडीत तुटत नाही, महिनोन्‌महिने झिजत आलेलं असतं. टीपीएलओ नावाच्या ऑपरेशनमध्ये नडगीच्या हाडाला गोलाकार छेद देऊन वरचा तुकडा फिरवतात, उतार साधारण 5 अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रूने पक्का करतात. लिगामेंट परत येत नाही, पण त्याची गरजच कमी होते. टीटीए हे हाड कापण्याचंच दुसरं ऑपरेशन हीच ओढ वेगळ्या तऱ्हेने मोडतं. दोऱ्याच्या ऑपरेशनात सांध्याबाहेरून जाड नायलॉन ओढून बांधतात. तो पुढे सैल पडतो किंवा तुटतो. तोवर आवरण तयार झालेलं असावं, एवढीच अपेक्षा. कुत्रं जितकं जड आणि दांडगं, तितकी ही शर्यत अवघड.

दोऱ्याचं ऑपरेशन वाईट आहे असं नाही. 2013 च्याच आणखी एका अभ्यासात 80 कुत्र्यांमध्ये त्याची आणि टीपीएलओची तुलना झाली. वर्षभराने 10 पैकी 9 किंवा जास्त गुण देणारे मालक टीपीएलओत 93 टक्के होते, दोऱ्याच्या ऑपरेशनात 75. पाय किती भार घेतो हे मोजणाऱ्या यंत्रावरही टीपीएलओच सरस ठरलं.

‘कोणताही व्हेट करतो.’ इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण लोक ऑपरेशनच्या नावावर तासन्‌तास वाद घालतात आणि सर्जन मात्र जवळचा म्हणून निवडतात. टीपीएलओत कोन चुकला, स्क्रू सांध्यात गेला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. म्हणून आधी विचारा: एवढ्या वजनाच्या कुत्र्यांची ही ऑपरेशनं महिन्याला किती करता? त्यातली किती पुन्हा उघडावी लागली? उत्तर पुस्तकातलं नको, स्वतःचं हवं. ‘आमच्याकडे कधीच काही होत नाही’ म्हणणारा बहुधा नंतर कुत्र्यांना बोलावतच नसतो. सुरी प्रत्यक्ष कोणाच्या हातात असेल? भूल कोण देणार, आणि रात्री कुत्र्याजवळ कोण थांबणार? सांधा उघडून किंवा दुर्बिणीने मेनिस्कस तपासणार का? ऑपरेशनच्या दिवशीच एक्स-रे काढून नवा कोन मोजणार का, आणि हाड जुळलं की नाही हे पाहायला साधारण आठ आठवड्यांनी पुन्हा काढणार का?

ऑपरेशनआधीच्या एक्स-रेला ‘उगाच खर्च’ म्हणणारेही भेटतात. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, हे खरं. पण सांध्यातलं पाणी, झीज आणि उताराचा कोन दिसतो. मोठ्या जातींत गुडघ्याजवळ हाडाचा कर्करोगही होतो आणि त्याचं लंगडणं सुरुवातीला असंच दिसतं.

एकच ऑपरेशन येणारा सर्जन प्रत्येक कुत्र्याला तेच सुचवणार, हेही लक्षात ठेवा. दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

आणि बांधून ठेवण्याचा तो सल्ला? तो लागतो ऑपरेशननंतर. आठ ते बारा आठवडे साखळी लावूनच फिरणं, जिना नाही, सोफ्यावर उडी नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. हे घरात जमणार नसेल, तर तारीख घेण्याआधीच सर्जनला सांगा.

‘दुसरा पाय जाणारच.’ जाणारच असं नाही, पण साधारण निम्म्या कुत्र्यांत पुढेमागे दुसऱ्या गुडघ्याचंही लिगामेंट जातं. हे पहिलं ऑपरेशन टाळायचं कारण कसं होतं, ते मला कळत नाही. दुसरा गुडघा गेला त्या दिवशी पहिला भार घेणारा नसेल, तर चाळीस किलोचं कुत्रं जागेवरून उठवायलाच दोन माणसं लागतील. त्यामुळे पहिल्याच भेटीत दोन्ही गुडघे तपासून घ्या, एक्स-रेही दोन्हींचे काढा. दुसऱ्या सांध्यात आत्ताच पाणी दिसलं, तर खर्चाचा आणि घरच्या देखभालीचा हिशोब दोन ऑपरेशनांचा धरा, आणि कुत्र्याचं वजन उतरवायला त्याच आठवड्यात सुरुवात करा.